विजय कोणाविरुद्धचे? आंतरशालेय हॉकी मानांकनाच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, बेळगाव

ऑगस्टअखेर होणाऱ्या निमंत्रित आंतरशालेय हॉकी स्पर्धेत संघांना मानांकन, म्हणजे गट पाडण्याआधीचा बळानुसार क्रम, कोणत्या आधारावर द्यायचे, याचा अभ्यास करून टिपण सादर करण्याचे काम स्पर्धा समितीने माझ्याकडे दिले आहे. मी शाळेत गणित शिकवतो आणि सामन्यांच्या वेळी गुणलेखकाच्या टेबलावर बसतो. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातील बंडू पाटील हे बेळगावचे. त्यांचे नाव घेऊन बोलणारी जुनी मंडळी आजही मैदानाच्या कडेला उभी असतात. त्यामुळे मानांकनात एखाद्या संघावर अन्याय झाला तर त्याची चर्चा पुढच्या हंगामापर्यंत चालते, आणि ती चालावी असेच मला वाटते.

आजवरची रीत अशी आहे की मागील हंगामात ज्याचे विजय अधिक, त्याला वरचे मानांकन द्यायचे आणि विजय समान असतील तर गोलफरक पाहायचा. यंदा ही रीत अडचणीत आली आहे. शहरातील एका शाळेच्या संघाने मागील हंगामातले सर्व सामने जिंकले आहेत, मात्र त्यांतील बहुतेक सामने जवळपासच्या अशा शाळांशी झाले, जिथे हॉकी अलीकडेच सुरू झाली आहे. खानापूर भागातील एका संघाच्या नावावर विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत. त्यांचे क्रीडाशिक्षक मुलांना घेऊन धारवाडला गेले, गदगला गेले, छावणीतील जवानांच्या संघाशीही सरावाचे सामने खेळले. बैठकीत जुनी रीत वाचून दाखवली तेव्हा ते मला एवढेच म्हणाले, "आम्ही हरलाव खरं कुणासंगट हरलाव ते बी लिवा की वो सर."

म्हणून कामाचा प्रश्न असा मांडून ठेवतो: सामन्यांच्या वेळापत्रकाची कठीणता किंवा सोपेपणा संघाच्या जय-पराजयाच्या नोंदीला किती दिशाभूल करणारी बनवू शकतो, ती दिशाभूल गणिताने किती प्रमाणात दूर होते, आणि आमच्यासारख्या थोड्या सामन्यांच्या हंगामात ते गणित कितपत विश्वासार्ह ठरते?

१७ जून

दिवसभर वह्या गोळा केल्या. शासनाच्या शालेय क्रीडारचनेत आमच्या एका महसुली जिल्ह्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, आणि या विभागणीचा परिणाम वह्यांमध्ये लगेच दिसतो: निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या बाजूच्या शाळा आपसांत खेळतात, बेळगाव शहर आणि खानापूरकडच्या शाळा आपसांत खेळतात, आणि दोहोंची गाठ क्वचितच पडते. काही वह्या कन्नडमध्ये, काही मराठीत तर काही इंग्रजीत असल्याने एकच शाळा तीन निरनिराळ्या नावांनी नोंदलेली सापडते. एका वहीत शाळेचे नाव आहे, दुसऱ्या वहीत त्या शाळेच्या गावाचे आणि तिसरीत केवळ आद्याक्षरे. ही नावे आधी एक केली नाहीत, तर गणितात एका संघाचे तीन संघ होतील आणि प्रतिस्पर्ध्यांचे बळ मोजण्याचा सगळा पायाच ढासळेल. आज सर्व शाळांना क्रमांक दिले आणि पुढील नोंदी त्या क्रमांकांनीच करण्याचे ठरवले.

ज्या सामन्यांत प्रतिस्पर्धी संघ मैदानावर आलाच नाही आणि दुसऱ्याला पुढे चाल मिळाली, ते सामने वह्यांत विजय म्हणून लिहिले आहेत. ते वेगळे काढले. समोर कोणी उभेच नव्हते, तर त्या विजयातून संघाच्या बळाविषयी काहीही कळत नाही.

२२ जून

आपल्या शाळांच्या आकड्यांना हात लावण्यापूर्वी, ज्यांचे निकाल सर्वांना ठाऊक आहेत अशा संघांवर हा प्रश्न तपासून पाहणे बरे, असे वाटले. समितीतील मंडळींना शालेय संघांच्या बाबतीत पक्षपाताची शंका येऊ शकते, भारतीय संघाच्या बाबतीत ती येणार नाही.

सर्वांत टोकाचे उदाहरण १९३२च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकचे आहे. तिथे हॉकीत भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ उतरले होते. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असे हरवले, तर जपानने अमेरिकेला ९-२ असे नमवले. म्हणजे अमेरिकेचा संघ दोन्ही सामने हरला, त्याने ३ गोल केले, ३३ गोल खाल्ले आणि तरीही कांस्यपदक पटकावले. पदकांच्या यादीत हे कांस्य इतर कोणत्याही कांस्यासारखेच दिसते. समोर कोण होते आणि किती होते, हे कळल्याशिवाय त्या नोंदीचा अर्थ लागत नाही.

खरे शिकण्यासारखे उदाहरण मात्र अलीकडचे आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने साखळीतील पाचही सामने जिंकले: इंडोनेशियावर १७-०, हाँगकाँगवर २६-०, जपानवर ८-०, दक्षिण कोरियावर ५-३ आणि श्रीलंकेवर २०-०. एकूण ७६ गोल केले, ३ खाल्ले, गोलफरक ७३. एवढी भरघोस नोंद पाहून कोणीही सुवर्णपदक गृहीत धरले असते. उपांत्य सामन्यात मात्र मलेशियाशी २-२ बरोबरी झाली, शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर केलेल्या प्रयत्नांत, भारत ६-७ असा हरला आणि पुढे पाकिस्तानवर २-१ असा विजय मिळवून कांस्यपदकावर थांबला. ज्या जपानला भारताने साखळीत ८-० असे धुतले होते, त्याच जपानने अंतिम सामन्यात मलेशियाला शूटआउटमध्ये हरवून सुवर्ण जिंकले.

गोलफरक फोडून पाहिला की चित्र स्पष्ट होते. ७३पैकी ६३ गोलांचा फरक इंडोनेशिया, हाँगकाँग आणि श्रीलंका या तीन सामन्यांतून आला. जपान आणि कोरियाविरुद्धच्या दोन सामन्यांचा वाटा केवळ १०. बाद फेरीत आपल्या तोडीच्या दोन संघांशी गाठ पडली तेव्हा निर्धारित वेळेत ४ गोल झाले आणि ३ खाल्ले गेले. सोप्या सामन्यांनी नोंद फुगवली होती, हा निष्कर्ष इथपर्यंत निर्विवाद वाटतो.

परंतु इथेच थांबणे न्याय्य होणार नाही. २०२३ साली हांगझो येथे झालेल्या आशियाई स्पर्धेतील साखळी याच वळणाची होती: उझबेकिस्तान १६-०, सिंगापूर १६-१, जपान ४-२, पाकिस्तान १०-२, बांगलादेश १२-०. पाचही विजय, ५८ गोल केले, ५ खाल्ले. त्यांतलेही ४४ गोल तीन दुबळ्या संघांविरुद्धचेच. आणि या वेळी भारताने उपांत्य फेरीत कोरियाला ५-३ आणि अंतिम सामन्यात जपानला ५-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. म्हणजे वेळापत्रक सोपे होते, म्हणून संघ कच्चा होता, असा उलटा तर्कही टिकत नाही. सोप्या सामन्यांतील विजयावरून संघ बलवान की दुर्बल यांपैकी काहीच ठरत नाही. शहरातील त्या संघाबद्दल बोलताना हे सतत ध्यानात ठेवले पाहिजे, कारण त्या मुलांनी समोर जे आले त्यांना हरवले आहे आणि वेळापत्रक त्यांनी ठरवलेले नव्हते.

२३ जून

काल रात्री सुचलेली एक कसोटी लावून पाहिली. एका सामन्यातील गोलफरक कितीही असो, तो जास्तीत जास्त ५ धरायचा. २०१८च्या साखळीचा हिशेब ५, ५, ५, २, ५ असा होतो, बेरीज २२. २०२३च्या साखळीचा हिशेब ५, ५, २, ५, ५, बेरीज पुन्हा २२. मुळातला ७३ आणि ५३ हा मोठा फरक पूर्णपणे नाहीसा झाला. कच्च्या आकड्यांनुसार कांस्य मिळवणारा संघ सुवर्ण मिळवणाऱ्यापेक्षा २० गोलांनी सरस होता. मर्यादा लावल्यावर दोघे समान ठरतात, आणि साखळीतून जेवढे खरोखर कळले होते, त्याला हेच अधिक धरून आहे. आमच्या मानांकनात गोलांवर मर्यादा असलीच पाहिजे, हे नक्की केले. मर्यादेचा आणखी एक लाभ असा की दुबळ्या शाळेविरुद्ध गोलांचा ढीग रचण्याचा मोह संपतो आणि राखीव मुलांना मैदानावर उतरवायला शिक्षक तयार होतात.

२९ जून

आज उलट बाजू तपासली: वेळापत्रक तंतोतंत सारखे असेल तर नोंद खरी बोलते का?

२०१८च्या भुवनेश्वर विश्वचषकात भारत, बेल्जियम, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका एका गटात होते. भारताने आफ्रिकेला ५-०, कॅनडाला ५-१ असे हरवले. बेल्जियमने कॅनडाला २-१, आफ्रिकेला ५-१ असे हरवले. आपसांतला सामना २-२ असा सुटला. दोघांचे ७ गुण झाले. प्रतिस्पर्धी तेच, सामने तेवढेच, मैदानही एकच. गोलफरकावर भारत पहिला आला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला, जिथे नेदरलँड्सने त्याला २-१ असे रोखले. बेल्जियमला दुसऱ्या क्रमांकामुळे एक जादा सामना खेळावा लागला, त्याने पाकिस्तानला ५-० असे हरवले आणि पुढे तो विश्वविजेता झाला. इथे वेळापत्रकाला दोष देता येत नाही. तीन सामने ही संख्याच इतकी थोडी आहे की त्यातून दोन चांगल्या संघांमध्ये डावे-उजवे करता येत नाही.

हा मुद्दा टिपणात ठळकपणे यायला हवा. नोंद दिशाभूल करते तेव्हा तिच्यामागे दोन निरनिराळी कारणे असू शकतात. एक, प्रतिस्पर्ध्यांचे बळ असमान होते. दोन, सामने थोडे असल्यामुळे नशिबाचा वाटा मोठा होता. पहिल्यावर गणिताने काही उपाय करता येतो. दुसऱ्यावर अधिक सामने खेळणे हाच उपाय आहे, आणि पहिल्या कारणासाठी केलेले गणित दुसरे कारण झाकून टाकते, ही त्यातली जोखीम आहे.

२०२३च्या विश्वचषकात दोन्ही कारणे एकत्र दिसतात. भारत आपल्या गटात अपराजित राहिला: स्पेनवर २-०, इंग्लंडशी ०-०, वेल्सवर ४-२. न्यूझीलंडने आपल्या गटात केवळ चिलीला हरवले आणि मलेशिया व नेदरलँड्सकडून हार पत्करली. ७ गुणांचा संघ विरुद्ध ३ गुणांचा संघ असा क्रॉसओव्हर सामना, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत कोण जाणार हे ठरवणारा दोन गटांतील संघांमधला सामना, झाला, तो ३-३ असा सुटला आणि शूटआउटमध्ये न्यूझीलंड ५-४ असे जिंकले. कागदावरची नोंद आणि मैदानावरचे बळ यांतील अंतर यापेक्षा नेटकेपणे दाखवणारा सामना मला आठवत नाही. तरीही शूटआउटवर गेलेल्या एका सामन्यावरून न्यूझीलंड श्रेष्ठ होते, असे मी लिहिणार नाही. आमच्या गणितात शूटआउटवर निकाल लागलेला प्रत्येक सामना बरोबरी म्हणूनच धरायचा आहे.

तिसरे उदाहरण खानापूरच्या संघासाठी जवळचे आहे. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या साखळीत भारताने पाचपैकी चार सामने जिंकले, आणि तरी गोलफरक अवघा २ होता, कारण ऑस्ट्रेलियाने त्याला ७-१ असे हरवले होते. तो एक सामना बाजूला ठेवला तर उरलेल्या चार सामन्यांतील फरक ८ होतो. त्या संघाने पुढे जर्मनीला ५-४ असे हरवून कांस्यपदक मिळवले. एका अत्यंत बलवान प्रतिस्पर्ध्याशी खेळलेला एक वाईट दिवस संपूर्ण नोंदीचा चेहरा बदलतो, आणि असा प्रतिस्पर्धी ज्यांच्या वाट्याला आलाच नाही, त्यांची नोंद आपोआप स्वच्छ दिसते.

५ जुलै

प्रतिस्पर्ध्यांच्या बळाचा हिशेब नोंदीत धरण्याच्या प्रचलित पद्धती वाचून काढल्या.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांत दीर्घकाळ वापरलेला एक निर्देशांक स्वतःच्या विजयाच्या प्रमाणाला २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या प्रमाणाला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना २५ टक्के वजन देतो. हिशेब सोपा आहे, कोणत्याही शिक्षकाला वहीवर करता येईल. परंतु त्यात एक गंभीर दोष आहे: अतिशय दुबळ्या संघाशी सामना खेळून तो जिंकला तरी निर्देशांक खाली येऊ शकतो. जिंकल्याची शिक्षा देणारी पद्धत मुलांना समजावून सांगणे मला शक्य नाही, म्हणून ती बाद केली. तिकडच्या महाविद्यालयीन आइस हॉकीचे अभ्यासकही ब्रॅडली आणि टेरी यांच्या १९५२च्या प्रतिमानावर (जोडीजोडीच्या निकालांवरून प्रत्येकाचे बळ काढणाऱ्या गणितावर) आधारलेली मोजणी अधिक योग्य मानतात. संघ मुख्यतः आपापल्या विभागात खेळतात, ही त्यांची अडचण आमच्यासारखीच आहे.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने २०२०पासून जागतिक क्रमवारीसाठी सामनानिहाय गुणांच्या देवघेवीची पद्धत स्वीकारली. एका संघाला जेवढे गुण मिळतात, तेवढेच दुसऱ्याचे जातात. वरच्या क्रमांकाच्या संघाला हरवले तर अधिक मिळतात, खालच्याला हरवले तर थोडे. आणि मोठ्या स्पर्धेतील सामन्याला वजन जास्त. याचे मूळ आर्पाद इलो यांनी बुद्धिबळासाठी तयार केलेल्या मोजणीत आहे. त्या सूत्रानुसार दोन खेळाडूंमध्ये २०० गुणांचे अंतर असेल तर वरच्याकडून सुमारे ७६ टक्के गुण मिळवण्याची अपेक्षा असते. अपेक्षेइतकेच घडले तर दोघांचे गुण जागच्या जागी राहतात. तत्त्व मला पूर्ण पटते, पण ही पद्धत हळूहळू शिकणारी आहे. वर्षानुवर्षे सामने होत राहिले तर ती खऱ्या बळाजवळ पोहोचते. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी संपूर्ण संघच दहावी पास होऊन निघून जातो.

म्हणून शेवटी सर्वांत साधी पद्धत निवडली: संघाचे बळ म्हणजे त्याच्या सामन्यांतील सरासरी गोलफरक, अधिक त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी बळ. प्रतिस्पर्ध्यांचे बळही याच सूत्राने ठरत असल्यामुळे सर्व संघांची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. नववीतल्या मुलांना एकसामयिक समीकरणे येतात, आणि आपल्या संघाचा आकडा कसा आला हे त्यांना पडताळून पाहता यावे, ही माझी अट आहे.

६ जुलै

पाऊस थांबत नाही. खानापूरकडील मैदानांवर पाणी उभे आहे. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून वरच्या पातळीवरील हॉकी कृत्रिम मैदानावर गेली. आमच्या बहुतेक शाळा अजून लाल मातीवरच खेळतात. मैदानाचा प्रकार आणि सामना कोणाच्या गावात झाला, हे दोन रकाने नोंदीत वाढवले. यंदाच्या गणितात ते धरणार नाही, सामने तेवढे नाहीत.

१२ जुलै

आजची नोंद लांबणार आहे, कारण या कामातली कळीची अडचण इथेच आहे.

पद्धत तपासण्यासाठी, पाच गोलांची मर्यादा तूर्त बाजूला ठेवून, सहा काल्पनिक संघ घेतले. क, ख, ग हे एका भागातले. च, छ, ज दुसऱ्या भागातले. पहिल्या भागात क संघ खला ४ गोलांनी आणि गला ६ गोलांनी हरवतो, ख संघ गला २ गोलांनी हरवतो. दुसऱ्या भागात च संघ छला १ आणि जला २ गोलांनी हरवतो, छ संघ जला १ गोलाने. आता प्रश्न असा, की क आणि च यांपैकी श्रेष्ठ कोण? दोघांचे दोन-दोन विजय आहेत, कचा गोलफरक १० आहे आणि चचा ३. जुन्या रीतीने क संघाला पहिले मानांकन मिळेल. पण दोन्ही भागांमध्ये एकही सामना झालेला नसल्यामुळे या प्रश्नाला गणितात उत्तरच नाही. समीकरणे सोडवायला गेले की पहिल्या भागातील सर्व संघांचे बळ एकदम १० गोलांनी वाढवले काय किंवा घटवले काय, सगळी समीकरणे तितकीच खरी राहतात. माहितीच जिथे नाही तिथे कोणतेही सूत्र ती निर्माण करू शकत नाही.

आता दोन भागांना जोडणारा एकच सामना धरू: छ संघाने खला ३ गोलांनी हरवले. छचे बळ शून्य मानले तर च १, ज उणे १, ख उणे ३, ग उणे ५ आणि क ४ने वर म्हणजे १. क आणि च अगदी समान ठरले. १० गोलांचा फरक आणि ३ गोलांचा फरक यांचे मोल एकच निघाले, कारण पहिला दुबळ्या भागात मिळवलेला होता.

हे पाहून समाधान वाटले, पण ते टिकू नये म्हणून लगेच तोच सामना बदलून पाहिला. छने खला ५ गोलांनी हरवले असते तर क संघ उणे १वर उतरतो, म्हणजे दुसऱ्या भागातल्या सर्वांत खालच्या जइतका. एकाच गोलाने हरवले असते तर क ३वर चढतो आणि सर्वांत वर जातो. ज्या सामन्यात क संघ खेळलाच नाही, त्या सामन्यातल्या दोन-चार गोलांनी क सहांत पहिला की दुसऱ्या भागातल्या शेवटच्याच्या बरोबरीचा, हे ठरते. त्या दिवशी खचा गोलरक्षक आजारी असेल, पाऊस पडला असेल, तर त्याचा भार सहाही संघांच्या मानांकनावर पडतो. दोन गावांमधल्या ओढ्यावर एकच साकव असावा आणि सगळी वाहतूक त्याच्यावरून चालावी, तसे हे आहे. साकव किती मजबूत आहे याकडे कोणी पाहत नाही.

बेळगाव आणि चिक्कोडीच्या वह्यांची नेमकी हीच अवस्था आहे. मागील हंगामात दोन्हीकडच्या शाळांना जोडणारे सामने अत्यल्प आहेत. म्हणून वेळापत्रकाची कठीणता गणितात धरून मानांकन द्यावे, एवढेच लिहून हे टिपण समितीला देता येणार नाही. स्पर्धेपूर्वी दोन्ही भागांतील संघांचे आपसांत सामने घडवून आणणे, ही त्याची पूर्वअट आहे.

१३ जुलै

मैदानावर एका ज्येष्ठ पंचांशी बोलणे झाले. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचे म्हणणे असे, की आपल्याकडे बाद पद्धतीच्या स्पर्धा फार, आणि तिथेच नोंद सर्वांत जास्त खोटी बोलते. ते बरोबर आहे. बाद पद्धतीत जेवढे संघ, त्याहून एक कमी एवढेच सामने होतात, आणि पहिल्या फेरीत निम्मे संघ एक सामना खेळून घरी जातात. पहिल्याच सामन्यात भावी विजेत्याशी गाठ पडून हरलेला संघ आणि सर्वांत दुबळ्या संघाकडून हरलेला संघ यांची नोंद एकसारखीच असते: सामने १, पराभव १. राज्य पातळीवर हॉकीसाठी नावाजलेल्या कोडगू जिल्ह्याच्या संघाशी पहिल्याच फेरीत गाठ पडली की आपल्या मुलांच्या वर्षभराच्या मेहनतीची वहीत तेवढीच ओळ उरते, असे काका म्हणाले, आणि तसे बाहेर पडलेले कितीतरी चांगले संघ त्यांनी पाहिले आहेत.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या यादीत नव्हती. शालेय स्पर्धांत एका दिवशी दोन सामने खेळावे लागतात. सकाळी चुरशीचा सामना खेळून दुपारी पुन्हा उतरलेला संघ आणि पुढे चाल मिळाल्यामुळे ताजा राहिलेला संघ यांच्या निकालाला समान वजन देणे योग्य नाही. "दिवसाचा दुसरा सामना" असा रकाना जोडला.

२० जुलै

समितीने जोडसामन्यांना मान्यता दिली. शनिवारी-रविवारी उघडीप पाहून चिक्कोडी भागातील संघ बेळगावला आणि इकडचे तिकडे, अशी आखणी झाली. जाण्या-येण्याचा खर्च शाळांनी आपसांत वाटून घेतला, याबद्दल सर्व मुख्याध्यापकांचे मनापासून आभार मानले पाहिजेत.

आज शहरातील तो अपराजित संघ निपाणीकडच्या संघाविरुद्ध खेळला. मी टेबलावर होतो. शहरातल्या मुलांना पेनल्टी कॉर्नर भरपूर मिळाले, पण ओल्या मातीवर चेंडू ढकलला की तो वर्तुळाच्या टोकाशी पोहोचेपर्यंत एक लहानशी उडी घेई आणि थांबवणाऱ्या मुलाच्या स्टिकवरून निसटे. निपाणीच्या मुलांनी दोन कॉर्नरनंतर थेट फटका सोडून दिला. चेंडू थांबवून बाजूला सरकवायचा आणि दुसऱ्याने पुढे घुसायचे, असे त्यांनी सुरू केले. शहरातील संघ शेवटच्या काही मिनिटांत एका गोलाने हरला. सामना संपल्यावर त्यांच्या कर्णधाराने विचारले, की आता आमचे मागचे सगळे विजय पुसले जाणार का? मी त्याला वही दाखवली. विजय सगळे तसेच आहेत. प्रत्येकासमोर आता प्रतिस्पर्ध्याचे बळही लिहिलेले आहे, आणि एका गोलाने झालेली आजची हार त्याच्या संघाला खाली नेत नाही, कारण निपाणीचा संघ वरच्या पट्टीतला आहे.

२७ जुलै

जोडसामन्यांनंतर समीकरणे पुन्हा सोडवली. खानापूरचा संघ जुन्या रीतीने मधोमध होता, तो अगदी वर आला. अपराजित शहरी संघ पहिल्या स्थानावरून खाली सरकला, पण वरच्या चौघांतच राहिला. सोप्या वेळापत्रकामुळे त्याचे बळ वाढलेले दिसत होते, पण संघ मुळातच चांगला आहे, हे यावरून सिद्ध होते. चिक्कोडी भागातील दोन संघ, ज्यांना आजवर कोणी मानांकनात धरतही नव्हते, ते वरच्या गटात आले. मला स्वतःला याचाच सर्वाधिक आनंद झाला.

यानंतर एकेक सामना वगळून सगळे गणित पुन्हा केले आणि प्रत्येक वेळी क्रम किती हलतो ते पाहिले. वरचे चार संघ कोणताही एक सामना काढला तरी वरचेच चार राहतात. मात्र त्यांच्यातला आपसांतला क्रम जवळजवळ दर वेळी बदलतो. म्हणून पहिला कोण आणि चौथा कोण हे सांगण्याइतकी माहिती आपल्याजवळ नाही, पण पहिले चार कोणते हे खात्रीने सांगता येते.

२ ऑगस्ट

समितीपुढे टिपण ठेवले. एका सदस्यांचा आक्षेप असा होता, की प्रतिस्पर्धी बलवान होते ही सबब पुढे करून उद्या कोणीही हरलेला संघ वरची जागा मागेल. आक्षेप महत्त्वाचा आहे. बलवान संघाशी केवळ खेळल्यामुळे या पद्धतीत काही मिळत नाही. त्याच्याशी किती गोलांनी हरला हे मोजले जाते, आणि पाच किंवा त्याहून अधिक गोलांनी हरणाऱ्याचा आकडा खालीच राहतो. खानापूरचा संघ धारवाड-गदगकडे हरला, पण बहुतेक वेळा एखाद्या गोलाने. तो वर आला तो त्या निसटत्या सामन्यांमुळे.

चर्चेनंतर असे ठरले: वरच्या चार संघांना एकच समान मानांकन असेल आणि त्यांना चार वेगवेगळ्या गटांत कोणत्या जागी टाकायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. प्रत्येक सामन्याचा गोलफरक मानांकनासाठी पाचपर्यंतच धरला जाईल. पुढे चाल मिळालेला सामना विजय म्हणून मोजला जाणार नाही आणि शूटआउटचा निकाल बरोबरी धरला जाईल. दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतील प्रत्येक सहभागी संघाने हंगामात दुसऱ्या भागातील किमान दोन संघांशी खेळावे, असा प्रस्तावही मंजूर झाला. एकाच सामन्यावर भार पडू नये म्हणून किमान दोन, हे मी आग्रहाने मांडले होते. पहिली फेरी बाद पद्धतीऐवजी साखळीची ठेवल्यामुळे दूरवरून येणाऱ्या प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील.

नव्या गुणपत्रकाचा नमुना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापायला दिला आहे. शाळेचा क्रमांक, मैदानाचा प्रकार, दिवसातील कितवा सामना, निर्धारित वेळेतील गोल आणि शूटआउटचे गोल असे त्यातले रकाने आहेत. सोमवारी त्याच्या प्रती चिक्कोडीला पाठवायच्या आहेत.